सहाला एक

किनवटच्या सॉ मिलमध्ये मी यंत्र बसवायला आले
तेव्हा पोशट्टीमामा ओंडक्यावर बसून तंबाखू मळत होते.
पस्तीस वर्षं हेच काम : फळीवरून बोट फिरवायचं,
टिचकी मारायची, कान द्यायचा,
आणि खडूने एक, दोन, किंवा फुली.
त्यावर अपील नाही.

मी म्हटलं, मामा, हा लाल किरण.
फळीवर पडला की ठिपका गोल राहत नाही.
लाकडात शिरतो, धाग्याच्या वाटेनं धावतो,
लांबट होतो, तिळासारखा.
तिळाचं टोक जिकडं, धागा तिकडं.
गाठ आली की त्याला वाट सापडत नाही,
जागच्या जागी गोल होऊन बसतो.

"मंग डोळे मिटून काम होतंय म्हण की,"
ते म्हणाले, आणि हसले.
भुवयांवरचा भुसा हलला.

तीन दिवस त्यांचा खडू आणि माझा पडदा.
दोनशे चौदा फळ्या. बारांवर जमलं नाही.
सातांत ते बरोबर निघाले :
आत पोकळ होतं, प्रकाशाला कळलं नाही, टिचकीला कळलं.
पाचांत मी.
डोळ्याला रेषा सरळ दिसत होत्या,
धागा मात्र हळूच तिरका निघालेला,
पंगतीतून न सांगता उठलेल्या माणसासारखा.

त्या पाच फळ्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या.
एकेकीवर तळहात ठेवून उभे राहिले.
त्या दुपारी डबा उघडला नाही.

चौथ्या दिवशी पोत्यात गुंडाळून काहीतरी आणलं.
दोन हात लांब तुकडा, एक टोक फाटलेलं,
दोन खोबणी, वर पाण्याची गोल कड.
"शिडीचा हाय," म्हणाले. "रांजणावर झाकण म्हणून ठिवलाय."

काळ्या पडलेल्या लाकडावर किरण चालेना.
रंधा मारावा लागेल, मी म्हटलं.
त्यांनी स्वतःच मारला, घाई न करता.
पातळ सालपट वळत वळत खाली पडलं
आणि वास आला सागाचा,
सव्वीस वर्षं आत कोंडलेला, ओला वाटावा इतका ताजा.
आऱ्यावरचा पोरगा मान वळवून बघायला लागला.

पडद्यावर तीळ उमटले.
सगळे एकाच बाजूला कललेले,
वाऱ्यात उभ्या हायब्रीडसारखे.
सहाला एक.
सहा बोटं पुढं गेलं की धागा एक बोट बाहेर.
शिडीला हे चालत नाही.
हे मी बोलणार नव्हते. मग बोलले.

"राजन्ना चढला होता," ते म्हणाले.
"बायकोचा भाऊ. शिंदीला लावली होती शिडी.
फळी मीच दिल्ती. एक नंबर लिहून."

जरा वेळानं :
"तवा हे असतं, तर?"

मी डिप्लोमावाली. माझ्याकडं उत्तर असायला हवं होतं.
म्हटलं, यंत्रानं सांगितलं असतं, मामा.
तुम्ही ऐकलं असतं का, ते मला माहीत नाही.

ते माझ्याकडं बघत राहिले.
तळहातावरची तंबाखू तशीच.
"नसतं ऐकलं," म्हणाले.
"तवा माझ्या टिचकीला लई मिजास होती."

मग कानामागचा खडू काढला,
रंधलेल्या उजळ पट्ट्यावर लिहिलं
सहाला एक,
नेहमीच्याच वळणाच्या अक्षरात.
तारीख घातली नाही.

तुकडा पुन्हा पोत्यात बांधला.
मी म्हटलं, इथंच राहू द्या, नमुना म्हणून.

"नाय पोरी," ते पायऱ्या उतरत म्हणाले.
"घरी रांजण उघडा हाय.
पाण्यात मुंग्या जातील."